बोगद्यातली हाळी

१

कुंडलिकची गाडी मोडून पाच वर्षं झाली होती आणि बैल तर त्याच्याही आधी गेले होते. पण बोगद्याच्या तोंडाशी आलं की त्याच्या घशातून हाळी आपोआप निघायची.

"येऊ का रं?"

मग तो थांबायचा. आवाज आत जाऊन घुमायचा, परत यायचा, विरून जायचा. छतातल्या पाकोळ्यांची फडफड व्हायची. एवढं झालं की कुंडलिक डावा पाय जरासा ओढत आत शिरायचा. तो पाय एका खोंडानं तुडवला होता, त्यालाही आता वीस वर्षं झाली होती.

तांबडखोरीचा बोगदा डोंगराच्या सोंडेतून फोडलेला. वरच्या गावांची जवारी बार्शीच्या बाजाराला जायची ती याच हमरस्त्यानं. बोगदा अरुंद, एका वेळी एकच गाडी मावायची, आणि मधोमध कोपरासारखा वाकलेला. खालच्या तोंडाशी उभं राहिलं तर वरल्या तोंडाचा उजेड दिसत नसे. आत दोन गाड्या समोरासमोर आल्या तर खोळंबा ठरलेला, कारण जुंपलेल्या बैलांना मागं सरता येत नाही. म्हणून गाडीवाल्यांनी एक रीत धरली होती. तोंडाशी थांबून हाळी द्यायची. उत्तर आलं नाही तर वाट मोकळी. पलीकडच्या तोंडाशी कुणी असेल, तर त्यानं "ये" म्हणायचं. आणि एकदा "ये" म्हटलं, की आतला माणूस बाहेर पडेपर्यंत तोंडापासून हलायचं नाही. आत पाऊल तर टाकायचंच नाही. कितीका वेळ लागेना. आतला माणूस आपल्या शब्दावर निघालेला असतो.

दुष्काळाच्या साली खडी फोडणाऱ्या माणसांनी डोंगराला वळसा घालून नवा रस्ता केला आणि बोगदा ओस पडला. मग जंगल खात्यानं भोवतीच्या माळावर शिरस, करंज, सुबाभूळ लावली. सिमेंटची बाकं आली, कमानीवर वनोद्यान असा बोर्ड लागला. बोगदा तसाच ठेवायचा, असं साहेबांनी ठरवलं. जुनी चीज आहे, लोक बघायला येतील, म्हणाले. फॉरेस्ट गार्ड शरणप्पा अक्कलकोटकडचा. त्यानं शब्द टाकला आणि कुंडलिक तिथं राखणदार झाला. रोपांना पाणी घालायचं, वाट झाडायची, आणि बोगद्याच्या कोपरात जिथं खडक पाझरतो तिथला रांजण उपसून येणाऱ्याजाणाऱ्याला गार पाणी द्यायचं, एवढं काम. रविवारी बार्शीची माणसं एस्टीनं डबे घेऊन यायची. म्हातारा हाळी देऊन आत शिरतो हे बघून हसायची.

कुंडलिकची झोपडी वरल्या तोंडाशी होती. दुपारी ऊन डोक्यावर आलं की त्याची बायको रंभाबाई भाकरी घेऊन बोगद्यातून यायची. लेक करकंबला दिलेली, घरात दोघंच. वरल्या तोंडाशी ती थांबायची आणि गाडीवाल्यांच्या थाटात विचारायची, "येऊ का?"

"ये," कुंडलिक खालच्या तोंडाशी बसून म्हणायचा.

मग आतून तिची जोडवी फरशीवर वाजत यायची, आणि ती उजेडात येऊन पदरानं तोंड पुसत म्हणायची, "वाटंत बैल आडवं न्हाईत न्हवं तुमचं?"

"एकच हाय. म्हातारा. हितं बसलाय भाकरीची वाट बघत."

रोजचीच ही थट्टा. पण त्यावाचून दोघांनाही घास गोड लागत नसे.

२

चैत्रातला, आठवड्याच्या मधला वार होता. बागेत चिटपाखरू नव्हतं. कुंडलिक घागर घेऊन पाण्याला निघाला, तोंडाशी आला, हाळी द्यायला त्यानं श्वास घेतला, आणि त्याच्या आधीच आतून हाळी आली.

"येऊ का रं?"

गड्याचा आवाज. जाड, सावकाश, घाई नसलेला.

"ये रं," कुंडलिक म्हणाला. विचार करून नाही, सवयीनं.

मग तो दगडावर टेकला. त्यानं बिडी ओढली. बिडी संपली. आतून पाऊल वाजलं नाही, काठी वाजली नाही. कोण असेल? मेंढका असेल, आला आणि परत फिरला. नाहीतर नव्या रस्त्यावरचा कुणी वाटसरू सावलीला शिरला असेल. कुंडलिकनं दुसरी बिडीही ओढली.

दुपारनंतर साहेब येणार होते. रांजणातलं पाणी काढून ठेवायला हवं होतं. तो उठला. तोंडापासून हलायचं नाही, हे त्याच्या मनात आलं. तो स्वतःशीच हसला. कुठली गाडी आणि कुठले बैल आता. आणि तो आत शिरला.

कोपरापाशी त्याला वास आला. वंगणाचा आणि घामेजलेल्या बैलांचा. पाच वर्षांत त्या वाटेनं चाक गेलं नव्हतं. कुंडलिकचा हात आपसूक भिंतीला गेला. समोरून गाडी आली की माणूस जसा भिंतीला चिकटून वाट देतो, तसा तो चिकटला. आणि त्याला वाटलं की समोरच्या भिंतीलाही कुणी असंच चिकटून उभं आहे. श्वास धरून. त्याला वाट देत.

तो दोन्ही पायांवर जोर देऊन चालत वरल्या तोंडातून बाहेर पडला. रंभाबाई अंगणात शेणकूट थापत होती. इकडून कुणी गेलं का, असं त्यानं विचारलं. सकाळपासून कुत्रंसुद्धा फिरकलं नाही, असं ती म्हणाली. मग त्याच्या रिकाम्या घागरीकडे बघून तिनं विचारलं, पाणी कुठंय?

 परत जाताना कुंडलिक नव्या रस्त्याच्या वळशानं गेला. ऊन अंगाला बरं वाटतंय, असं त्यानं मनाशी म्हटलं. त्या उन्हात दगड चटके देत होते.

३

साहेबांबरोबर सोलापूरचे दोन पाहुणे आले होते. साहेबांनी त्यांना बोगद्याच्या तोंडाशी उभं केलं आणि आत तोंड करून मोठ्यानं "हॅलो" म्हटलं. हॅलो तीनदा परत आलं.

"याला प्रतिध्वनी म्हणतात," साहेब म्हणाले. "आवाज भिंतीवर आपटतो आणि मागे फिरतो. त्यात गूढ काही नाही."

कुंडलिकला ते ऐकून फार बरं वाटलं. दुपारपासून छातीवर बसलेलं काहीतरी हललं. आवाज आपटतो आणि मागे फिरतो. कुणाचातरी जुना आवाज कुठल्यातरी फटीत अडकला असेल आणि आज सुटला असेल. शिकलेल्या माणसाला असल्या गोष्टी कळतात.

शरणप्पानंही हौस भागवून घेतली. "यारू?" म्हणजे कोण, असं त्यानं कानडीत विचारलं, आणि बोगद्यानंही त्याला यारू, यारू म्हणून विचारलं. पाहुणे हसले. मग साहेब कुंडलिकला म्हणाले की तुझी गाडीवाल्याची हाळी ऐकव.

कुंडलिक पुढं झाला. त्यानं हाळी दिली.

काहीच परत आलं नाही.

आवाज आत गेला तो गेला. पाकोळ्यासुद्धा हलल्या नाहीत. साहेबांनी पुन्हा दे म्हटलं. त्यानं छाती भरून दिली. विहिरीत खडा टाकावा आणि पाण्याचा आवाजच येऊ नये, तसं झालं.

"मामा," शरणप्पा म्हणाला, "आवाज घरी ठेवून आला काय की."

सगळे हसले, कुंडलिकही हसला. संध्याकाळी मात्र तो एकटाच जवळच्या मळ्यातल्या विहिरीवर गेला आणि आत वाकून त्यानं हाळी दिली. विहिरीनं ती परत दिली. नव्या रस्त्याच्या खोदलेल्या दरडीपाशी दिली. दरडीनंही परत दिली. फक्त बोगद्यात त्याचा आवाज जायचा, आणि तिथंच राहायचा.

४

त्यानंतर दुपारची हाळी रोज येऊ लागली.

कुंडलिक उत्तर देत नसे. तो ओठ घट्ट मिटून, घागरीचा काठ बोटांनी धरून बसायचा. "येऊ का रं?" असं एकदाच यायचं. मग वाट बघत असलेलं कुणी असावं तशी शांतता. आठवडाभरात त्या आवाजातला जाडपणा कमी झाला. त्याला थोडी घरघर आली, थोडं म्हातारपण आलं. कुणाचा आवाज आहे हे कुंडलिकला कळत नव्हतं. माणूस स्वतःचा आवाज बाहेरून कधी ऐकतो?

एका रविवारी बार्शीची एक बाई तिथं बसून मुलाला भरवत होती. हाळी आली तेव्हा ती कुंडलिककडे बघून म्हणाली, "बाबा, तोंड न हलवता कसं वो बोलता तुमी?"

त्या संध्याकाळी त्यानं रंभाबाईला सांगितलं की उद्यापासून भाकरी आणू नकोस, मीच सकाळी बांधून नेईन. बोगद्यात नाग दिसलाय. रंभाबाईनं उभ्या जन्मात नाग काय कमी बघितले होते? पण तिचे गुडघे दुखत होते, म्हणून तिनं मानलं. खरं काय ते त्यानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती हसली असती, आणि हसून मुद्दाम आली असती. त्याला लाजही वाटली. एका आवाजाला आपण "ये" म्हणालो आणि जागा सोडली, एवढंच तर झालं होतं.

दुसरीकडे काम देता येईल का, असं त्यानं शरणप्पाला विचारलं. शरणप्पानं मनापासून साहेबांच्या कानावर घातलं. पण साहेबांना बोगद्यापाशी हाळी देणारा गाडीवालाच हवा होता. लोक त्याच्यासाठी येतात, म्हणाले.

आणि एका दुपारी आतून रंभाबाईची हाळी आली.

"येऊ का?"

तोच सूर, शेवटी थोडं हसू दाबलेलं. कुंडलिक उठून उभा राहिला. जिभेवर आलेला शब्द त्यानं गिळला. तो वळशाच्या रस्त्यानं निघाला, पाय ओढत जवळजवळ पळत. झोपडीपाशी पोचला तेव्हा त्याच्या तोंडाला कोरड पडली होती. रंभाबाई दारात सूप घेऊन जवारी निवडत बसली होती. मांडीवर खड्यांचा ढीग झाला होता. सकाळपासून जागची उठली नव्हती.

"घाम किती आलाय वो तुमाला," ती म्हणाली, आणि पदर पुढं केला.

कुंडलिक तिच्याजवळ बसून राहिला. बराच वेळ. तिच्या सुपातले दोन खडे त्यानंही निवडले. मनाशी एक गाठ मात्र पक्की बांधली. आता आतून रंभाचा आवाज आला तरी उत्तर द्यायचं नाही. तो तिचा नाही.

५

आखितीचा सण आला. त्या दिवशी वाडवडिलांच्या नावानं मातीच्या कऱ्यात पाणी भरून ठेवतात, पुरणपोळी करतात. कुंडलिकनं सकाळी नेहमीसारखी शिळी भाकरी बांधून घेतली आणि तो निघाला. रंभाबाईनं अडवलं नाही. पोळ्या व्हायला दुपार होणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. मी संध्याकाळी येऊन जेवीन, असं तो म्हणाला होता.

बागेत कुणी नव्हतं. सुबाभळीच्या शेंगा उन्हानं तडकत होत्या. ऊन डोक्यावर आलं आणि आतून हाळी आली.

"येऊ का?"

रंभाबाईची. कुंडलिकनं ओठ मिटले. डोळेही मिटले.

आज शांतता लांबली. पुन्हा एकदा आलं, जरा मोठ्यानं, जरा रुसल्यासारखं.

"अवं, येऊ का?"

त्यानं दोन्ही हातांनी गुडघे धरले. 

तेव्हा बोगद्यातून कुणीतरी म्हणालं, "ये."

सावकाश, थोडं घरघरीत. "ये रं" नाही. नुसतं "ये". तो रोज तिला म्हणायचा तसं.

आणि मग वरल्या बाजूनं जोडवी वाजायला लागली.

कुंडलिकनं डोळे उघडले. त्या दिवशीच्या खोट्या हाळीमागं जोडवी वाजली नव्हती. आज मात्र आत खरी रंभा होती, हे त्याला आत्ता, आत्ता समजलं.

तो उठला आणि आत धावला. "रंभे, थांब. पुढं येऊ नगं. मी हितं हाय, भाईर हाय." आवाज तोंडातून निघत होता आणि कुठंही लागत नव्हता. त्याचा त्यालाच तो दाबलेल्या उशीतून आल्यासारखा वाटत होता. डावा पाय येत नव्हता. भिंतीला खांदा घासत तो कोपरापर्यंत पोचला.

कोपराच्या पलीकडे वरल्या तोंडाचा उजेड तिरका पडला होता. त्या उजेडात त्याला दोन पाठी दिसल्या. एक रंभाबाईची. सणाचं हिरवं लुगडं, काखेत फडक्यात बांधलेली परात. ती परत वर चालली होती, जणू कुणीतरी निम्म्या वाटेत भेटून तिला माघारी वळवून नेत होतं. शेजारी मुंडासं बांधलेला माणूस होता. तो डावा पाय ओढत होता. रंभाबाई त्याच्या बेतानं, अर्धं पाऊल मागं राहून, सावकाश चालत होती. वीस वर्षं ती कुंडलिकबरोबर अशीच चालत आली होती.

"रंभे," त्यानं हाक मारली. जेवढा जीव होता तेवढा घालून मारली.

तिनं मान वळवली. पण त्याच्याकडे बघितलं नाही. तिनं वर छताकडे बघितलं, इकडंतिकडं बघितलं, आणि शेजारच्या माणसाला हसून म्हणाली, "लई घुमतंय न्हाई हितं?"

तो माणूस वळला नाही. दोघं उजेडात गेली. कुंडलिकचे डोळे दिपले.

तो वरल्या तोंडातून बाहेर आला तेव्हा माळ पांढराफटक तापला होता. लांबपर्यंत सावली नव्हती. झोपडीची कडी बाहेरून लावलेली. तोंडाशेजारच्या सपाट दगडावर परात होती, फडकं सोडलेलं. पोळ्या अजून ऊन होत्या. एक अर्धी खाल्लेली होती.

६

विहिरी बघितल्या, दऱ्या बघितल्या. करकंबची लेक आली, चार दिवस राहिली, बापाला चल म्हणाली, आणि रडत परत गेली. फौजदारानं दोनदा तेच तेच विचारलं. शरणप्पा म्हणाला की पोळी वानरानं खाल्ली असेल, बाईला उन्हानं भोवळ आली असेल, कुठं भरकटली असेल. तो हे बोलताना कुंडलिकच्या पाठीवरून हात फिरवत होता आणि बोगद्याकडे बघत नव्हता. साहेबांनी महिनाभर रजा घे म्हटलं. कुंडलिकनं घेतली नाही.

कारण दुपारी ती विचारते.

"येऊ का?"

पहिल्या दिवशी त्याला हुंदका आला, आणि तो बोलायच्या आत आतून दुसऱ्यानं "ये" म्हटलं. जोडवी वाजली आणि विरली. ती कुठं गेली ते कळलं नाही. तेव्हापासून कुंडलिक सकाळीच खालच्या तोंडाशी येऊन बसतो. रांजणाला जात नाही, पाणी विहिरीवरून आणतो. ऊन चढलं की हातातलं काम खाली ठेवतो. तिचा शब्द पुरा व्हायच्या आत "ये" म्हणतो. दुसऱ्याच्या आधी म्हणतो. आणि मग तोंडापासून हलत नाही. एकदा हलला होता, तेवढं पुरे झालं. बागेत माणसं असली, बोगद्यात शिरायला निघाली, तर तो हात आडवा करतो.

"जरा थांबा. आतनं माणूस येतंय."

माणसं थांबतात. गार पाणी पितात. थोड्या वेळानं कुणी येत नाही म्हणून हसतात आणि त्याच्या हाताखालून आत जातात. त्यांचे आवाज आत छान घुमतात.

जोडवी रोज वाजतात, रोज थोडी जवळ येतात, असं त्याला वाटतं. कधी कोपरापर्यंत. एकदा तर त्याला काखेतल्या परातीचा भिंतीला लागलेला आवाजसुद्धा आला.

मग भाद्रपदात त्याला खोकला लागला. शरणप्पानं बाटली आणून दिली, ती त्यानं घेतली. त्या दुपारी आभाळ भरलेलं होतं. आतून हाळी आली आणि नेमकी तेव्हाच त्याला उबळ आली. अर्धा श्वास. त्याहून जास्त नाही.

दोन "ये" एकदम निघाले. एक त्याच्या तोंडातून, एक आतून. दोन्ही तितकेच सावकाश, दोन्हींत तीच घरघर.

जोडवी वाजली नाहीत. ती उभी राहिली होती. कुठल्या "ये"कडे जायचं ते ठरवत होती.

"इकडं, रंभे," कुंडलिक म्हणाला. "बैल हितं बसलाय."

आतून काही घुमलं नाही. पाकोळ्या हलल्या नाहीत. मग जोडवी वाजायला लागली, एकेक, गुडघे दुखणाऱ्या बाईची. जवळ येतायत की लांब चालल्यात, हे त्या कोपरात कधीच कळायचं नाही. गाडीवाल्यांनाही कळायचं नाही. म्हणून तर ती रीत होती.

पावसाचे थेंब पडायला लागले. कुंडलिक तोंडापासून हलला नाही.